यादीबाहेरचा डॉक्टर

सिग्नल हिरवा झाला तरी आमची गाडी हलली नाही.

शनिवारची सकाळ होती. आम्ही इंडियन ग्रोसरीला निघालो होतो. नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी बसून सामानाची चिठ्ठी बघत होते आणि साडेतीन वर्षांची लेक मागे कारसीटमध्ये होती. तिला तेव्हा सिग्नलच्या रंगांचं भारी वेड. "ग्रीन, बाबा, ग्रीन!" ती ओरडली. मी हसत वर पाहिलं.

तो समोर बघत होता, पण कशाकडेच बघत नव्हता. उजव्या हाताची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती. ओठ हलत होते, काहीतरी चाखून बघावं तसे. मी हाक मारली. दंड धरून हलवलं. दंड गरम होता, जिवंत होता, पण आत कोणी नव्हतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. अमेरिकेतल्या आमच्या ह्या मॉरिसव्हिलमध्ये महिनोन्‌महिने हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे मी दचकले. ब्रेकवरचा पाय तेवढा जागच्या जागी राहिला, एवढंच आमचं नशीब.

मग त्याने डोळे मिटून उघडले आणि म्हणाला, "काय झालं?"

"अरे, सिग्नल."

"हो, निघतोय ना."

आणि निघाला. दुकानात त्याने भेंडी निवडली, पिठाची पिशवी खांद्यावर घेतली.  घरी येईपर्यंत मी डावा हात हँडब्रेकजवळ ठेवून बसले होते. मला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती. हँडब्रेक ओढला की गाडी थांबते, एवढंच ऐकून माहीत होतं.

ही पहिली वेळ नव्हती. न्यूजर्सीत असताना एकदा तो उघड्या फ्रिजसमोर दुधाचा कॅन हातात घेऊन असाच उभा राहिला होता. तेव्हा त्याची नोकरी गेल्यासारखीच होती. कन्सल्टिंग कंपनीने काम नाही म्हणून बेंचवर बसवलं होतं आणि मेडिकल इन्शुरन्सही काढून घेतला होता. मला वाटलं, काळजीने तंद्री लागते माणसाला. पाच महिने आम्ही इन्शुरन्सशिवाय काढले. त्या काळात लेकीला साधा ताप आला तरी मी रात्रभर थर्मामीटर घेऊन बसायची. मग ही नॉर्थ कॅरोलायनातली नोकरी मिळाली, व्हिसा ट्रान्सफर झाला, आम्ही सामान बांधून इथे आलो. तो रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. नव्या कंपनीचा इन्शुरन्स पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होणार होता. म्हणजे सिग्नलच्या त्या सकाळपासून अठरा दिवस.

फॉर्म मात्र त्याआधी, शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. तीन प्लानपैकी एक निवडायचा आणि तो वर्षभर बदलता येणार नाही. कंपनीने दिलेलं जाडजूड पाकीट डायनिंग टेबलावर पडून होतं.

सोमवारी तो ऑफिसला गेला. खिडकीतून मी गाडी वळेपर्यंत बघत राहिले. त्याचं ऑफिस हायवेने पंचवीस मिनिटांवर. सव्वानऊला फोन केला. त्याने उचलला. "अगं, मीटिंगमध्ये आहे," तो म्हणाला. मला तेवढंच ऐकायचं होतं.

दुपारी लेक झोपली की मी ते पाकीट उघडायची. नागपूरला मी बँकेत होते. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं वाचून त्यातली गोम शोधायची मला सवय होती, त्यामुळे इंग्रजीची भीती नव्हती. पण हे इंग्रजी वेगळं होतं. प्रत्येक शब्द ओळखीचा आणि वाक्य अनोळखी. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, पॉइंट ऑफ सर्व्हिस. डिक्शनरीत पॉइंट म्हणजे बिंदू, टोक, मुद्दा. सर्व्हिस म्हणजे सेवा. सेवेचं टोक! मी ते पान चार वेळा वाचलं. दर वेळी मधेच थांबून खिडकीबाहेर बघायची, सायरन तर वाजत नाही ना म्हणून.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं होतं, आणि ते पुस्तिकेत कुठेच नव्हतं. एका माणसाला काहीतरी होतंय, त्याचं नाव माहीत नाही, त्याला ते पटत नाही, आणि कोणत्या डॉक्टरकडे जावं लागेल हेही ठाऊक नाही. अशा माणसाच्या बायकोने कोणता रकाना निवडावा?

बुधवारी मी काकूंकडे गेले. दोन बिल्डिंग सोडून राहायच्या. पत्रपेट्यांपाशी ओळख झाली होती. मूळच्या डोंबिवलीच्या, अमेरिकेत येऊन वीस वर्षं झालेली, डोळ्यांच्या एका डॉक्टरकडे बिलिंगचं काम करायच्या. बुधवारी दुपारनंतर त्यांना सुट्टी असे. मी फॉर्म समोर ठेवला आणि म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला विचारायचंय."

काकूंनी चष्मा लावला. "हे बघ, पहिला प्लान स्वस्त. पण यादीतल्याच डॉक्टरकडे जायचं. बाहेर गेलीस तर एक पैसा देणार नाहीत. दुसऱ्यात कुणाकडेही जा, कुणाला विचारायला नको, पण पगारातून भरपूर कापतात. हा तिसरा मधला. एक घरचा डॉक्टर निवडायचा, प्रायमरी म्हणतात त्याला. त्याने रेफरल दिलं, म्हणजे चिठ्ठी दिली, की यादीतला स्पेशालिस्ट स्वस्तात पडतो. आणि अगदीच अडलं तर चिठ्ठीशिवाय यादीबाहेरच्याकडेही जाता येतं, तेव्हा आपला वाटा मोठा. पॉइंट ऑफ सर्व्हिस म्हणजे एवढंच गं. आत जायचं की बाहेर, हे आज फॉर्म भरताना नाही ठरवायचं, त्या त्या वेळी गरज पडेल तसं ठरवायचं."

"आणि दुखणं आधीपासून असेल तर?"

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या मैत्रिणीचं?"

"तिच्या नवऱ्याचं."

"डॉक्टरला दाखवलंय?"

"नाही."

"मध्ये इन्शुरन्स नव्हता?"

"पाच महिने नव्हता."

"मग नीट ऐक. नवा प्लान मागचे सहा महिने बघतो. त्या सहा महिन्यांत ह्याच दुखण्यासाठी डॉक्टर, टेस्ट, औषध काही झालं असेल, तर ते जुनं दुखणं धरून काही महिने खर्च नाकारू शकतात. काहीच झालं नसेल तर जुनं म्हणता येत नाही. त्याला होतं काय?"

मी सांगितलं. सिग्नल, बटण, ओठ. बोलता बोलता मैत्रिणीचा नवरा माझाच झाला, हे मला कळलंसुद्धा नाही.

"मैत्रीण ड्राइव्ह करते?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे तोच करतो. लेकराला घेऊन."

मी मान हलवली.

"मग आधी त्याच्याकडून किल्ली काढून घे. फॉर्म नंतर भर. एक तारखेपर्यंत थांबायचं असेल तर थांबा, पण गाडीत नाही. आणि मधे मोठं काही झालं, पडला, झटके आले, तर कॅलेंडर बघू नकोस. सरळ नाइन-वन-वनला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलाव."

मी रडायला लागले. काकूंनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि लेकीला क्रॅकर्स द्यायला आत गेल्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा फॉर्म टेबलावरच होता. त्याने आल्या आल्या पेन्सिलीने पहिल्या प्लानवर खूण केली. "आपल्याला काय झालंय? तिघेही धडधाकट आहोत. पैसे कशाला घालवायचे?"

लेक टीव्हीसमोर होती. मी आवाज लहान केला आणि म्हटलं, "तू शनिवारी गेला होतास."

"कुठे?"

"तेच मला माहीत नाही. सिग्नलला तू नव्हतास. मी हलवलं तरी नव्हतास. मी पाहून राहिली होती तुझ्याकडे." भीती वाटली की माझं नागपुरी बाहेर येतं. एरवी तो त्यावरून चिडवायचा. त्या दिवशी नाही चिडवलं.

बराच वेळ तो पेन्सिल फिरवत बसला. मग म्हणाला, "काल माझी हायवेची एक्झिट चुकली. दोन एक्झिट पुढे गेलो होतो. मधला रस्ता मला आठवत नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.  आदल्या सकाळी सव्वानऊला मी फोन केला तेव्हा त्याने नेहमीसारखंच "मीटिंगमध्ये आहे" म्हटलं होतं.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की ते खरं झालं असतं." त्याने फॉर्म बाजूला सारला. "लायसन्स जाईल. लायसन्स गेलं की इथे ऑफिसला कसा जाणार? अजून प्रोबेशनवर आहे. नोकरी गेली की व्हिसा गेला. मग कुठला प्लान आणि कुठला डॉक्टर?"

त्याने हे सगळं आधीच, एकट्याने, मनात इतक्या क्रमाने लावून ठेवलं होतं, की मला आणखीच भीती वाटली. मी घाबरले होते ते चार दिवस. तो किती दिवस घाबरलेला होता कोण जाणे.

पेन्सिलीची खूण मी खोडली आणि तिसऱ्या प्लानवर पेनने खूण केली. त्याने सही केली. किल्ली खिशातून काढून फ्रिजवर ठेवली.

प्रायमरी डॉक्टरचं नावही फॉर्मवर लिहायचं होतं. काकूंनी बजावलं होतं, पुस्तकातल्या यादीवर विसंबू नकोस, ती छापून वर्ष झालेलं असतं, स्वतः फोन कर. मी केले. तिघे नवीन पेशंट घेत नव्हते. एक डॉक्टर राज्य सोडून गेला होता. एका ठिकाणी फोन वाजतच राहिला. सहावी डॉक्टर बाई होती, घरापासून दीड मैलावर, अगदीच वेळ आली तर चालत जाता येईल अशी. तिचं नाव लिहिलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते सांगणं अवघड आहे, कारण त्यांत काहीच घडलं नाही. तो जवळच राहणाऱ्या, ऑफिसमधल्या एकाबरोबर जाऊ लागला. आमच्या गाडीचं ट्रान्समिशन बिघडलंय, असं त्याला सांगितलं. तो आंघोळीला गेला की मी दाराला कडी लावू द्यायची नाही आणि बाहेर पाण्याचा आवाज ऐकत उभी राहायची. पाण्याचा आवाज एकसारखा आला की घाबरायची, कारण माणूस हलत असेल तर आवाज बदलतो. जेवताना त्याचा घास हातात थांबला की माझाही थांबायचा. आणि एक टोचणी सारखी होती. आपण एक तारखेची वाट बघतोय. ह्याच्या डोक्यात काय चाललंय ते ठाऊक नसताना, एका कागदासाठी वाट बघतोय. ह्या दिवसांतच काही झालं तर तो कागद मी कुणाला दाखवणार होते?

झालं तर नाही. म्हणजे, दोनदा झालं, पण घरात, खुर्चीत, अर्ध्या मिनिटाचं. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं.

तीन तारखेला आम्ही त्या डॉक्टर बाईंकडे गेलो. प्लानचं कार्ड अजून आलं नव्हतं, नंबर लिहिलेला एक कागद फॅक्सने मागवला होता. तो मी पुढे केला. रिसेप्शनवरच्या मुलीने त्याचीच झेरॉक्स काढली.

डॉक्टरने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "अधूनमधून थोडं विसरायला होतं."

मी मधे पडले. बँकेतल्या इंग्रजीत सांगितलं, तारीखवार, वहीतून. बटणाशी बोटं कशी जातात ते करून दाखवलं, ओठ कसे हलतात तेही. डॉक्टरने हातातलं पेन खाली ठेवलं. आधी ती गाडीबद्दल बोलली. ती सांगेपर्यंत चालवायची नाही, स्विमिंग नाही, शिडीवर चढायचं नाही. मग तिने यादीतल्या न्यूरॉलॉजिस्टचं रेफरल दिलं आणि त्याच्या ऑफिसला स्वतः फोन लावला.

न्यूरॉलॉजिस्ट तरुण होता, मऊ आवाजाचा. अशी तंद्री म्हणजेही फिटच, असं सांगून त्याने फिट्सच्या गोळ्या सुरू केल्या आणि एमआरआय काढायला सांगितला. काकूंनी अर्धा दिवस रजा घेऊन आम्हाला दर वेळी नेलं. रिपोर्टच्या दिवशी त्या लेकीला घेऊन बाहेर बसल्या.

त्याने फिल्म उजेडावर लावली. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, एक पांढरं कडं होतं. वाटाण्याएवढं. भोवती राखाडी सूज. "मास," तो म्हणाला. मास म्हणजे गोळा, गाठ. त्याने ट्यूमर हा शब्द लगेच वापरला नाही, बराच वेळ त्याच्या आजूबाजूने बोलत राहिला, आणि त्यामुळेच आम्हाला तो स्पष्ट ऐकू आला. कवटीला छोटं भोक पाडून तुकडा काढून तपासावा लागेल. सर्जन याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. यादीतलाच. पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

बाहेर आलो तेव्हा लेक काकूंच्या मांडीवर चित्रं रंगवत होती. "डिड यू गेट अ स्टिकर, बाबा?" तिने विचारलं. तो म्हणाला, "नो, दे रॅन आउट." पार्किंग लॉटमध्ये तो गाडीच्या मागच्या सीटवर तिच्या शेजारी बसला आणि तिचा छोटा बूट हातात धरून राहिला. 

 त्या आठवड्यात मी भांडी घासताना मनात भारतात परत जायची तयारी करायची. लेकीचा पासपोर्ट कुठे आहे, त्याच्या आईला फोनवर काय सांगायचं, कोणत्या शब्दाने सुरुवात करायची. मग स्वतःचीच लाज वाटून पुन्हा तेच भांडं घासायची.

गुरुवारी संध्याकाळी काकू आल्या. दारातच म्हणाल्या, "मी आमच्या डॉक्टरला विचारलं. तुमचं नाव नाही सांगितलं. एमआरआयमध्ये असं असं दिसतंय म्हटलं. त्याने पहिला प्रश्न काय विचारावा? पेशंट कुठून आलाय? इंडिया म्हटल्यावर म्हणाला, मग डोकं उघडण्याआधी ह्या माणसाला दाखवा." त्यांनी चिठ्ठी पुढे केली. दीड तासावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलमधला म्हातारा न्यूरॉलॉजिस्ट, तरुणपणी भारतात मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काम केलेला.

मी यादी काढली. तो यादीत नव्हता.

नवऱ्याने साफ नकार दिला. "डोक्यात गाठ आहे. सर्जन आहे, तारीख आहे, प्लान मानतोय. आणि आता आपण डॉक्टर शोधत फिरायचं? तेवढ्यात ती वाढली तर?"

 तेवढ्यात ती वाढली तर, हे मीही दर मिनिटाला म्हणत होते. पण कवटीचं भोक डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी प्लानच्या नंबरवर फोन लावला. बऱ्याच वेळाने एक बाई आली, दक्षिणेकडच्या लांबट उच्चारांची.

"तुमचा पीओएस आहे, पॉइंट ऑफ सर्व्हिस, मॅम," ती म्हणाली. "यादीबाहेर जायला रेफरल लागत नाही. पण तुम्ही आउट ऑफ नेटवर्क जाताय, तुमचा वाटा जास्त असेल, हे तुम्हाला समजलंय ना?"

"समजलंय."

"आणि त्याची फी आम्हाला योग्य वाटते त्याहून जास्त असेल, तर वरचा फरक तुमचा. हेही समजलंय?"

"हो. एकच विचारते. त्याच्याकडे गेले म्हणून यादीतल्या सर्जनकडे परत जायची वाट बंद होईल का?"

"नो, मॅम. प्रत्येक वेळेला नव्याने ठरवता येतं."

फोन ठेवून मी नवऱ्याला तेच वाक्य सांगितलं. तारीख हलवायची नाही, सर्जनला काही कळवायचं नाही, फक्त एकदा दाखवून यायचं.  तो म्हणाला, "तू कर काय ते. माझं डोकं चालत नाही." आणि स्वतःच्याच बोलण्यावर कसनुसा हसला.

ऑपरेशनच्या सहा दिवस आधी म्हाताऱ्या डॉक्टरने वेळ दिली. काकूंच्याच गाडीतून गेलो. उंच, वाकलेला, कानात मशीन. आम्हाला बघून तो दोन वाक्यं तेलुगूत बोलला. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. "मराठी? सॉरी," तो म्हणाला आणि फिल्म घेऊन उजेडाजवळ गेला. खिशातून भिंग काढलं. खोलीत फक्त त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मी नवऱ्याचा हात धरला होता.

"इकडे या," त्याने मला बोलावलं. नवऱ्याला नाही, मला. "हे कडं दिसतंय? आणि त्याच्या आत, कडेला, हा ठिपका?"

भिंगातून मला ठिपका दिसला. खसखशीच्या दाण्याएवढा.

"माझ्या मते हे त्याचं डोकं आहे," तो म्हणाला. "किड्याचं. टेपवर्म ऐकलंय? त्याचं अंडं पोटात जातं, रक्तातून मेंदूत पोहोचतं आणि तिथे वर्षानुवर्षं गप्प पडून राहतं. मरायला लागलं की सूज येते आणि फिट्स सुरू होतात. भारतात मी हे आठवड्याला एक तरी पाहायचो."

"पण आम्ही मांस खात नाही," मी म्हटलं.

"कोबी खाता? गाजर? होस्टेलमधलं सॅलड? नीट न धुतलेल्या भाजीतून येतं. तुम्ही काही चूक केलेली नाही."

नवऱ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. "तुम्हाला खात्री किती आहे?"

"बरीच. पूर्ण नाही. एक रक्ताची टेस्ट करू, पण गाठ एकच असेल तर ती टेस्टही चुकते. किडा मारायच्या गोळ्या देतो, सूज उतरण्याचं औषध देतो आणि आठ आठवड्यांनी पुन्हा एमआरआय बघू. लहान झालं नाही तर सर्जन आहेच."

"आठ आठवडे थांबण्यात धोका आहे?"

"आहे," म्हातारा म्हणाला. "भोक पाडण्यातही आहे."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघं एका बाकावर बसलो. मी त्याला काही सुचवलं नाही. हिंमत झाली नाही. डोकं त्याचं होतं. त्याने फोन मागितला आणि सर्जनच्या ऑफिसला सांगितलं, तारीख कॅन्सल करा. फोन मला परत देताना म्हणाला, "चुकलं तर तुझ्यावर ढकलणार नाही." मला त्या वाक्याने धीर यायला हवा होता, पण आला नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी त्याचं डोकं इतकं दुखायला लागलं की तो सोफ्यावर उशी डोळ्यांवर दाबून कण्हत होता. दोनदा उलटी झाली. मला वाटलं, संपलं. मीच हे केलं. यादीत सरळ रस्ता होता आणि मी त्याला बाहेर काढलं. म्हाताऱ्याने दिलेल्या नंबरवर फोन केला. त्याने स्वतः उचलला. शांतपणे विचारलं, बोलतोय का, नाव सांगतोय का, हात दोन्ही उचलतोय का? मी एकेक करून घेतलं. "किडा मरतोय," तो म्हणाला. "सूज वाढते. सुजेची गोळी अजून एक द्या. तासाभरात उतरलं नाही किंवा झोपाळला तर इमर्जन्सीला न्या आणि मला तिथून फोन लावायला सांगा." पाऊण तासाने नवऱ्याने उशी बाजूला केली आणि पाणी मागितलं. मी पाणी आणायला गेले आणि स्वयंपाकघरात जमिनीवरच बसले. 

त्या आठ आठवड्यांत मी गाडी शिकले. काकू रविवारी सकाळी चर्चच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये, सर्व्हिस, म्हणजे त्यांची प्रार्थना, सुरू होण्याआधी, मला गोल गोल फिरवायच्या. पहिल्या टेस्टला नापास झाले, स्टॉपच्या पाटीपाशी पूर्ण थांबले नाही म्हणून. दुसऱ्यांदा इतकी थांबले की परीक्षक म्हणाला, आता निघा. लायसन्स मिळाल्यावर मी त्याला रोज ऑफिसला सोडू लागले. हायवेवर उजव्या लेनमधून, ताशी पन्नास मैलांनी. तो शेजारी बसून "ब्लाइंड स्पॉट बघ" म्हणायचा. तो असं काही म्हणाला की मला बरं वाटायचं.

दुसरा एमआरआय झाला. दीड तासाचा रस्ता मी चालवला, काकू शेजारी, तो मागे. म्हाताऱ्याने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या आणि भिंग माझ्याकडे दिलं. मला ते कडं सापडेना. सापडलं तेव्हा ते तांदळाच्या कणीएवढं उरलं होतं. "आता हे बहुधा सुकून जाईल," तो म्हणाला. "फिट्सच्या गोळ्या मात्र दोन वर्षं सोडायच्या नाहीत."

यादीतल्या तरुण न्यूरॉलॉजिस्टकडे आम्ही पुढची औषधं घ्यायला परत गेलो. मला वाटलं होतं तो रागावेल. त्याने दोन्ही फिल्म खूप वेळ पाहिल्या आणि म्हणाला, "मी हे फक्त पुस्तकात पाहिलं होतं. ह्याची एक कॉपी मी ठेवू का?" नवऱ्याने हो म्हटलं. बाहेरच्या डॉक्टरची बिलं पुढे बरेच महिने येत राहिली, ती आम्ही फेडली. नोकरी राहिली. मॅनेजरला त्याने शेवटी खरं सांगितलं, तर तो म्हणाला, आधी का नाही बोललास, घरून काम केलं असतंस.

कडं सुकलं, गोळ्या सुटल्या, गाडीची किल्ली तर त्याआधीच परत हातात आली. आज तो माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवतो आणि ते मला ऐकवतो. पण तो कधी पुस्तक हातात घेऊन जरा जास्त वेळ एका ठिकाणी बघत राहिला, की मी स्वयंपाकघरातून काहीतरी विचारते. आज वार कोणता? लाँड्री काढलीस का? पाऊस येईल का रे? प्रश्न निरर्थक असतो आणि मी तो का विचारते हे त्याला चांगलं माहीत आहे. त्याने आजवर एकदाही ते बोलून दाखवलेलं नाही. "गुरुवार," तो म्हणतो. किंवा, "काढली, घडी तू कर." उत्तर आलं की मी परत कणीक मळायला लागते.